सोलापूरहून दिल्ली विमानतळ: एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईला विमाने सुरू झाली असली, तरी सोलापूरकराला परदेशी जायचे तर अजूनही मोठे विमानतळच गाठावे लागते. त्यातही दिल्लीचा रस्ता धरणारे बरेच असतात. कुणाला व्हिसाच्या कामासाठी वकिलातीत हजर राहायचे असते, कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तिथे राहत असतो आणि त्याला भेटून पुढे विमान पकडायचे असते. अशा प्रवाशांकडून नवी दिल्ली स्थानक ते इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ या जलद रेल्वेसेवेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वेळापत्रक आणि भाडे बदलत असते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते एकदा पडताळून घ्यावे.

एअरपोर्ट एक्स्प्रेस म्हणजे नेमके काय? ती साध्या मेट्रोपेक्षा वेगळी कशी?

ही दिल्ली मेट्रोचीच एक मार्गिका आहे. नकाशावर ती नारिंगी रंगाने दाखवतात. २३ फेब्रुवारी २०११ रोजी ती सुरू झाली. नवी दिल्ली, शिवाजी स्टेडियम, धौला कुआं, एरोसिटी, विमानतळ टर्मिनल ३ आणि द्वारका सेक्टर २१ अशी तिची सहा मूळ स्थानके होती, आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी ती यशोभूमी द्वारका सेक्टर २५ पर्यंत वाढवण्यात आली. नवी दिल्ली ते द्वारका सेक्टर २१ हे अंतर सुमारे २३ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात शहरातली साधी मेट्रो सहज पंधरा-वीस ठिकाणी थांबली असती. ही गाडी नवी दिल्ली सोडल्यावर विमानतळापूर्वी फक्त तीनदा थांबते, आणि तिचा वेळ वाचतो तो मुख्यतः याच कारणाने. डब्यांत बॅगा ठेवण्यासाठी वेगळी जागा आहे, त्यामुळे मोठी बॅग गुडघ्यांत धरून उभे राहावे लागत नाही.

विमानतळापर्यंत किती वेळ लागतो?

नवी दिल्ली ते टर्मिनल ३ हा प्रवास सुमारे सोळा मिनिटांचा आहे. २०२३ मध्ये गाडीचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेण्यात आला. त्याआधी याच अंतराला अठरा-एकोणीस मिनिटे लागत असत. म्हणजे एवढा खटाटोप करून वाचली ती दोन-तीन मिनिटे. ही सेवा खरी उपयोगी पडते ती तिच्या खात्रीमुळे. धौला कुआंच्या चौकात संध्याकाळी वाहने मुंगीच्या पावलाने सरकत असली, तरी ही गाडी ठरलेल्या वेळेलाच पोहोचते. तेच अंतर टॅक्सीने पहाटे अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि पावसाळी संध्याकाळी त्याला दीड तासही लागू शकतो.

कर्नाटक एक्स्प्रेसमधून उतरल्यावर हे स्थानक कसे सापडते?

सोलापूरहून दिल्लीला जाणाऱ्यांसाठी बेंगळुरू–नवी दिल्ली कर्नाटक एक्स्प्रेस सोयीची आहे. ती दौंड, अहिल्यानगर, मनमाड आणि भोपाळ या मार्गाने थेट नवी दिल्ली स्थानकात पोहोचते आणि तिथेच तिचा प्रवास संपतो. या स्थानकाला दोन बाजू आहेत, पहाडगंज आणि अजमेरी गेट. फलाट क्रमांक १ पहाडगंजच्या बाजूला आहे, आणि सर्वांत मोठ्या क्रमांकाचे फलाट अजमेरी गेटच्या बाजूला. एअरपोर्ट एक्स्प्रेसचे स्थानक अजमेरी गेटच्या बाजूला आहे, हे मनात पक्के करूनच गाडीतून उतरावे. गर्दीच्या लोंढ्याबरोबर पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलेल्या प्रवाशाला सामानासह पुन्हा सगळे फलाट ओलांडून यावे लागते, आणि बाहेर “मेट्रो बंद आहे, आमच्या गाडीतून चला” असे सांगणारेही भेटतात. त्यांच्याकडे लक्ष न देता पादचारी पुलावर यावे आणि फलकावरचे अजमेरी गेट हे नाव पाहत चालावे. त्या बाजूने रेल्वे स्थानकापासून मेट्रोपर्यंत नेणारा उन्नत पादचारी मार्गही आहे.

आत आणखी एक गफलत होऊ शकते. पिवळ्या मार्गिकेचे स्थानक आणि नारिंगी मार्गिकेचे स्थानक एकमेकांना जोडलेले असले, तरी दोन्ही एकच नव्हेत. “एअरपोर्ट” हा शब्द आणि विमानाचे चिन्ह ज्या फलकावर असेल, त्याच्याच मागे जावे.

माझे विमान टर्मिनल १ वरून आहे. ही गाडी चालेल का?

चालणार नाही, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एअरपोर्ट एक्स्प्रेसचे विमानतळ स्थानक टर्मिनल ३ ला जोडलेले आहे. टर्मिनल २ तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. टर्मिनल १ मात्र विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला, काही किलोमीटर दूर आहे, आणि त्याचे मेट्रो स्थानक किरमिजी मार्गिकेवर आहे. हे स्थानक मे २०१८ मध्ये सुरू झाले. नवी दिल्लीहून तिथे मेट्रोने जायचे असल्यास पिवळ्या मार्गिकेने हौज खासपर्यंत जावे आणि तेथे गाडी बदलून किरमिजी मार्गिका घ्यावी. चुकून टर्मिनल ३ ला उतरल्यास टर्मिनलांमधली बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल ३ वरून सुटतात. देशांतर्गत विमानांचे टर्मिनल विमान कंपन्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी काढलेल्या तिकिटावरचा आकडा प्रवासाच्या दिवशी खरा असेलच असे नाही. आदल्या रात्री कंपनीचा संदेश किंवा संकेतस्थळ पाहून खात्री करून घ्यावी.

कर्नाटक एक्स्प्रेस आणि विमान यांच्यामध्ये किती तासांचे अंतर ठेवावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही हाच मानतो. मेट्रोची सोळा मिनिटे मोजून संपूर्ण बेत आखणारे प्रवासी एक गोष्ट विसरतात. त्या सोळा मिनिटांच्या आधी सोलापूर ते दिल्ली असा एक दिवसाहून अधिक लांबीचा रेल्वेप्रवास आहे, आणि उत्तर भारतात हिवाळ्याच्या धुक्यात लांब पल्ल्याच्या गाड्या काही तास उशिरा धावणे ही नेहमीची बाब आहे. शिवाय रेल्वेचे तिकीट आणि विमानाचे तिकीट हे दोन स्वतंत्र करार आहेत. रेल्वे उशिरा आली म्हणून विमान कंपनी थांबत नाही, आणि विमान चुकले म्हणून रेल्वे त्याचे पैसे देत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर असावे लागते. स्थानकातून बाहेर पडणे, मेट्रोची तपासणी, प्रत्यक्ष प्रवास आणि टर्मिनलमध्ये वर जाणे यांसाठी एक तास धरावा. गाडीच्या उशिरासाठी उन्हाळ्यात किमान चार तास राखावेत. डिसेंबर-जानेवारीत मात्र तासांचा हिशेब करत बसू नये, सरळ एक मुक्काम दिल्लीत करावा. धर्मशाळेतल्या किंवा साध्या हॉटेलातल्या एका रात्रीचा खर्च चुकलेल्या तिकिटापेक्षा नेहमीच कमी असतो.

मोठी बॅग शहरातच विमान कंपनीकडे देता येते का?

येते, पण सर्वांना नाही. नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या दोन स्थानकांवर चेक-इनची सोय आहे. तेथे बोर्डिंग पास मिळतो, बॅग जमा होते आणि ती वेगळ्या व्यवस्थेने विमानतळावर जाते. प्रवासी मोकळ्या हाताने फिरू शकतो. दुपारी दिल्लीत उतरलेल्या आणि रात्रीचे विमान असलेल्या माणसाला ही सोय म्हणजे मोठाच आधार आहे. मात्र ती ठरावीक विमान कंपन्यांपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. आपली कंपनी त्यात आहे का, आपल्या विमानाला ती लागू आहे का आणि काउंटर किती तास आधी बंद होतो, हे कंपनीलाच विचारावे. दुसऱ्या कुणाच्या अनुभवावर विसंबून राहू नये.

येथे सोलापूरकरांसाठी एक वेगळी सूचना. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि तिखट यांच्या पुड्या हातातल्या पिशवीत ठेवू नयेत. विमानात सोबत न्यायच्या सामानात तिखटाच्या पुडीला मनाई आहे, आणि तेलकट चटणीवरून सुरक्षा तपासणीत वाद घालण्यात अर्थ नाही. हे सगळे जमा करायच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, शक्यतो चादरीच्या घडीत ठेवावे. कडक भाकरी हातात ठेवली तरी चालते, पण तिचा चुरा होऊ नये असे वाटत असल्यास डब्यात भरावी.

भाडे किती आहे आणि तिकीट कसे काढायचे?

साठ-पासष्ट रुपयांच्या आसपास. सुरुवातीच्या काळात हे भाडे याच्या दुपटीहूनही जास्त होते. २०१४ आणि २०१५ मध्ये ते दोनदा उतरवून कमाल ६० रुपयांवर आणण्यात आले. २५ ऑगस्ट २०२५ पासून या मार्गिकेवर एक ते पाच रुपयांची वाढ झाली. क्यूआर तिकीट मोबाइलवर काढता येते. मेट्रोचे कार्ड असल्यास तेही चालते.

पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता असते?

पहिली गाडी पहाटे पावणेपाचच्या सुमारास आणि शेवटची रात्री साडेअकराच्या आसपास सुटते. मधल्या काळात साधारण दहा ते पंधरा मिनिटांनी गाडी मिळते. परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे शेवटच्या गाडीची वाट न पाहता रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर पोहोचावे. परतीचे विमान रात्री एक-दीडला उतरल्यास पहाटेपर्यंत मेट्रो नसते. अशा वेळी टर्मिनलमध्येच बसून काढलेले तीन तास एकट्या प्रवाशाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, अनोळखी टॅक्सीपेक्षा अधिक सुखाचे वाटतात.

ही सेवा मध्यंतरी बंद पडली होती असे ऐकले. ते खरे आहे का? आता ती सुरक्षित आहे का?

खरे आहे. खाजगी भागीदारीतून बांधलेल्या या मार्गिकेची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण विमानतळाला रेल्वे जोडावी अशी मागणी करणाऱ्या प्रत्येक शहराने ती वाचायला हवी. बांधकामाचा मुख्य भाग दिल्ली मेट्रो महामंडळाने उभारला. रूळ, गाड्या, यंत्रणा आणि तीस वर्षांचे संचालन रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या नेतृत्वाखालील दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस या कंपनीकडे होते. प्रवासी अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. जुलै २०१२ मध्ये उन्नत भागातल्या तुळयांखालच्या बेअरिंगांमध्ये दोष आढळल्याने सेवा थांबवण्यात आली. गर्डर आणि खांब यांच्यामध्ये बसवलेला हा भाग गाडीचा भार खाली उतरवतो आणि तापमानाने होणारी हालचाल सामावून घेतो. तो नीट बसलेला नसेल तर वरची गाडी वेगाने नेता येत नाही. दुरुस्तीनंतर २२ जानेवारी २०१३ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली, तीही ताशी ५० किलोमीटर एवढ्या मर्यादित वेगाने. दरम्यान कंपनीने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली होती, आणि १ जुलै २०१३ पासून दिल्ली मेट्रो महामंडळाने संचालन स्वतःकडे घेतले.

पुढचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा आणि त्यावरील व्याजाचा निवाडा दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि नंतर १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने उपचारात्मक याचिकेवर, म्हणजे अंतिम निकालानंतर दाद मागण्याच्या शेवटच्या मार्गाने, तो रद्द ठरवला. अंतिम निकालानंतरही असा बदल होणे फार विरळा असते.

आताच्या सुरक्षिततेविषयी सांगायचे तर, २०१३ मध्ये ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असलेली गाडी दहा वर्षांनी, तपासण्या पार करत, ताशी १२० किलोमीटरवर पोहोचली. या वाटचालीतच उत्तर आले, असे आम्हाला वाटते.

दिल्लीऐवजी मुंबईमार्गे जाणे सोपे नाही का?

व्हिसाचे किंवा अन्य काम दिल्लीत नसेल, तर नक्कीच सोपे आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. पूर्वी तिथून पुढचा प्रवास हीच खरी अडचण होती. कुर्ला-अंधेरीच्या दिशेने बॅगांसह लोकलमध्ये शिरायचे किंवा टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून ती अडचण बरीच हलकी झाली आहे. साडेतेहतीस किलोमीटरच्या आणि २७ स्थानकांच्या या मार्गिकेवर शिवाजी महाराज टर्मिनसचे स्थानक आहे, आणि विमानतळाच्या टर्मिनल १ व टर्मिनल २ साठी वेगवेगळी स्थानके आहेत.

मात्र तिला एअरपोर्ट एक्स्प्रेस म्हणता येणार नाही. ती वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर थांबते आणि कार्यालयाच्या वेळेत तिच्यात नोकरदारांची गर्दी असते. सकाळी आठच्या आत बसल्यास बॅगांसह प्रवास सुसह्य होतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत, म्हणून “मुंबई” एवढेच वाचून तिकीट काढू नये. विमानतळाचे नाव पाहावे.

पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई येथे अशी सोय आहे का?

पुण्यात लोहगावच्या विमानतळापर्यंत मेट्रो जात नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे स्थानकात उतरून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाता येते, पुढे बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळालाही मेट्रो नाही, पुष्पक बस आहे. चेन्नईत मात्र सेंट्रल स्थानकाखालून मेट्रो थेट विमानतळात जाते.

मुलगी लंडनला शिकायला चालली आहे. हीथ्रो एक्स्प्रेस घ्यावी का?

हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ मध्ये सुरू झाली आणि ती पॅडिंग्टनपर्यंत सुमारे पंधरा मिनिटांत पोहोचवते. पण पॅडिंग्टन हे लंडनच्या पश्चिम भागातले स्थानक आहे. वसतिगृह तिथून जवळ नसेल, तर दोन बॅगांसह पुन्हा गाडी बदलावी लागते. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ मार्गिका वाटेत थांबत जाते आणि थोडा जास्त वेळ घेते, परंतु ती शहराच्या मध्यातून पुढे पूर्वेकडे जाते आणि आयत्या वेळी काढलेल्या तिकिटाचा विचार केला तर बरीच स्वस्त पडते. पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी वसतिगृहाचा पत्ता नकाशावर पाहावा आणि मग गाडी ठरवावी.

शांघायचे उदाहरण याच जातीचे आहे. तेथील चुंबकीय गाडी ताशी ४३० किलोमीटरचा वेग गाठण्यासाठी प्रसिद्ध झाली, आणि तीस किलोमीटरचे अंतर ती आठेक मिनिटांत कापत असे. पण ती जिथे संपते ते लाँगयांग रोड स्थानक शहराच्या मध्यभागी नाही, त्यामुळे पुढे मेट्रो घ्यावीच लागते. गाडी किती वेगाने धावते याच्याइतकेच ती कुठे नेऊन सोडते हेही पाहावे लागते.

सोलापूर स्थानक ते होटगी रस्ता विमानतळ अशी रेल्वे का करत नाहीत?

हा प्रश्न कधी गमतीने, तर कधी अगदी मनापासून विचारला जातो. सोलापूरच्या विमानतळासाठी या शहराने बरीच वाट पाहिली आहे. उड्डाणाच्या मार्गात येणारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तो दिवस कुणाला आनंदाचा वाटला, तर कारखान्याशी बांधलेल्या अनेकांना दुःखाचा. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. एवढ्या प्रतीक्षेनंतर “आता रेल्वेही हवी” असे वाटणे साहजिक आहे.

पण हिशेब तसा जुळत नाही. येथे येणाऱ्या विमानांत सत्तर-पंच्याहत्तर आसने असतात. एअरपोर्ट एक्स्प्रेसच्या एकाच गाडीत अशी कित्येक विमाने भरतील एवढे प्रवासी मावतात. दिल्लीसारख्या प्रचंड वर्दळीच्या विमानतळालाही पहिली काही वर्षे पुरेसे प्रवासी मिळाले नव्हते, हे वर आलेच आहे. होटगीकडे जाणारा लोहमार्ग त्याच दिशेला असला, तरी तो मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी भरलेला असतो, आणि थोड्याच किलोमीटरच्या अंतरासाठी त्यात स्वतंत्र गाडी घुसवणे रेल्वेला परवडणारे नाही. आमच्या मते आज खरी गरज आहे ती विमानाच्या वेळेशी जुळणाऱ्या परिवहनच्या एका बसची. ती विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने सुटावी, स्थानक आणि बसस्थानक या दोन्ही ठिकाणी थांबावी, आणि विमानाला उशीर झाला तर तिनेही थांबावे.

बोरामणीचा नियोजित विमानतळ झाला, तर मात्र प्रश्न वेगळा होईल. ती जागा शहरापासून वीसेक किलोमीटरवर, हैदराबाद महामार्गाच्या बाजूला आहे, आणि माळढोकाच्या अधिवासाशी निगडित वनजमिनीमुळे तो प्रकल्प अडकलेला आहे. तिथे कधी मोठी विमाने उतरलीच, तर रस्त्याच्या आराखड्यातच रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. नंतर घरे उठवून जागा काढणे सगळ्यांनाच जड जाते.

परतीच्या प्रवासात काय लक्षात ठेवावे?

विमानातून उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा मिळणे यांत दीड-दोन तास सहज जातात, त्यामुळे परतीच्या रेल्वेचे आरक्षण विमानाच्या वेळेला चिकटून करू नये. कर्नाटक एक्स्प्रेस नवी दिल्लीहून रात्री सुटते. सकाळी विमान उतरणार असेल तर मधला वेळ पुरेसा मिळतो, सायंकाळी उतरणार असेल तर दुसऱ्या दिवसाचे आरक्षण करावे. नवी दिल्ली मेट्रो स्थानकात बॅगांची क्ष-किरण तपासणी होते, आणि रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारावर पुन्हा एकदा होते, म्हणून गाडी सुटण्याच्या किमान तासभर आधी तिथे असावे. आणि येताना अजमेरी गेटची जी बाजू शोधली होती, तीच आता मागच्या बाजूने समोर येते. आपली गाडी कोणत्या फलाटावर आहे ते सूचनाफलकावर पाहून मगच पूल चढावा.